दुखणं आणि वडखळचा रस्ता

कॅन्सर हाडांत पसरला की माणसाला मुंबईला नेऊ नये, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. आजार बरा होणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलेलं असताना अलिबागजवळच्या आमच्या चौलहून निघायचं, मांडव्याला लाँच गाठायची, पावसाळ्यात लाँच बंद म्हणून वडखळमार्गे गाडीनं जायचं. ज्याला अंथरुणात कूस बदलवत नाही त्याला त्या वाटेवरचा एकेक खड्डा हाडात कळतो. त्यापेक्षा घरी, आपल्या वाडीत राहू दे, असं मला मनापासून वाटे.

थोरल्या काकूंच्या आजारपणात हे मत बदललं. खुब्याच्या हाडातल्या दुखण्यानं त्यांची झोप गेली होती. मॉर्फिननं कळा दबायच्या, पण गुंगीत दिवस जायचा. शेवटी त्यांना मुंबईला नेऊन रेडिएशनचा एकच मोठा डोस देऊन आणलं. काही आठवड्यांनी त्या न कण्हता कुशीवर वळल्या आणि सुनेला म्हणाल्या, "उद्या मला पडवीत बसव गं." आजार होता तिथंच होता. पण त्या पडवीत बसल्या, आल्यागेल्याशी बोलल्या. त्याला उपचार म्हणायचं नाही तर कशाला?

रेडिएशननंतरही दुखणं राहिलं तर काय, हे शोधताना केंद्रित अल्ट्रासाऊंडची माहिती मिळाली. भिंगानं ऊन एका ठिपक्यावर आणावं तशा तीव्र ध्वनिलहरी त्वचेतून, काहीही न कापता, हाडाच्या पृष्ठभागावर आणतात. हाडावरच्या पातळ आवरणात वेदना कळवणाऱ्या नसा दाट असतात. त्या उष्णतेनं निकामी होतात. रुग्ण एमआरआय यंत्रात असतो, त्यामुळे आत किती तापलं हे डॉक्टरांना त्याच वेळी दिसतं. बहुतेकदा एका बैठकीत काम होतं आणि आराम काही दिवसांतच जाणवू लागतो.

अमेरिकेत याला २०१२ साली मान्यता मिळाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या १४७ रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी सुमारे ६४ टक्क्यांना उतार होता; लहरी न सोडता नुसता देखावा केलेल्यांत तो २० टक्क्यांना. हे सगळे रेडिएशनचा उपयोग न झालेले, ते देता न येणारे किंवा नको म्हणणारे रुग्ण होते, म्हणून हा आकडा मला फार मोठा वाटतो. मर्यादाही आहेत. कवटी किंवा मज्जारज्जूला लागून असलेल्या जागी हे करत नाहीत, आणि उपचार चालू असताना बऱ्याच जणांना दुखतं. पहिला मान अजून रेडिएशनचाच. मुंबईत जसलोक रुग्णालयात हे तंत्र गर्भाशयातल्या गाठींसाठी वापरलं गेलं आहे. हाडांच्या दुखण्यासाठी ते आपल्याकडच्या सामान्य रुग्णाच्या आवाक्यात यावं, अशी माझी तळमळ आहे.

आता कुणी विचारायला आलं तर मी म्हणते, जा. मात्र निघण्याआधी डॉक्टरांना फोनवर विचारा: एकाच फेरीत काय काय होऊ शकेल, रेडिएशन आधी झालं असेल तर पुढचा मार्ग कोणता, आणि मुंबईपर्यंतच्या प्रवासात कळा आल्या तर द्यायचं औषध कोणतं.