हिरव्या खुणेमागे

सर्वोच्च न्यायालयाचा आदेश पीडीएफमध्ये उतरवून घेतला की पहिल्या पानावर डावीकडे ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’ अशी चौकट दिसते. पक्षकार घाबरून वकिलाला फोन करतो. सही खोटी आहे असे ती चौकट म्हणत नाही. अजून तपासलेली नाही, एवढेच सांगते. ब्राउझर फाइल दाखवतो, सही सहसा तपासत नाही. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून सहीवर क्लिक केले की खरी चौकशी सुरू होते.

*

चौकशीत प्रश्न दोन. सही झाल्यावर मजकुरातले काही हललेय का? आणि सही करणारा तोच आहे कशावरून?

पहिल्याचे उत्तर गणित देते. सगळ्या मजकुरातून हॅश नावाचा ठरावीक लांबीचा आकडा काढतात. एसएचए-२५६ पद्धतीचा असेल तर ६४ अक्षरांचा. एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा पार वेगळा येतो. सही होते ती या आकड्यावर, यूएसबी टोकनमध्ये असलेल्या गुप्त किल्लीने.

दुसरा प्रश्न गणिताला सुटत नाही. किल्ली अमक्याचीच, ही ग्वाही प्रमाणपत्र देणारी संस्था देते. त्या संस्थेला परवाना देतो केंद्र सरकारचा कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला, त्यातले हे पद. खरी तपासणी म्हणजे या साखळीची शेवटच्या कडीपर्यंत तपासणी.

*

न तपासलेल्या सहीवरचे पिवळे प्रश्नचिन्ह घालवायचा एक उपाय सेतू केंद्रापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळे सांगतात. सहीवर राइट क्लिक करा, प्रमाणपत्र उघडा, ते विश्वासाच्या यादीत टाका, पुन्हा तपासा. हिरवी खूण येते.

हा सल्ला अर्धवट आहे आणि म्हणून घातक आहे. ही हिरवी खूण आपणच आपल्याला दिलेली असते. ‘तहसीलदार’ नावाचे प्रमाणपत्र कोणीही आपल्या संगणकावर बनवू शकतो आणि याच उपायाने त्यालाही हिरवी खूण मिळते. यादीत टाकण्याजोगे प्रमाणपत्र एकच, कंट्रोलरचे मूळ. तेही कंट्रोलरच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. समोरच्या फाइलमधून काढलेले नको, कारण जिच्यावर संशय आहे तिलाच साक्षीला कसे बोलवायचे?

*

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. महाराष्ट्रात ही सोय १ मे २०१८ पासून आहे. उताऱ्यावरच छापलेले असते की वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही. मग लोक त्याची प्रिंट काढतात, प्रिंटची झेरॉक्स काढतात आणि ती बँकेत देतात. त्या कागदावर सही नाही, सहीचे चित्र आहे. ते तपासायला काहीच उरलेले नाही.

कागदासाठी उपाय आहे तो उताऱ्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक. महाभूमीच्या संकेतस्थळावर तो टाकला की मूळ उतारा समोर येतो. कर्जाची फाइल घेणाऱ्या प्रत्येकाने हा क्रमांक टाकून पाहिलाच पाहिजे. उताऱ्यावरचा क्यूआर नुसता स्कॅन करून समाधान मानू नये. तो कुठल्या पत्त्यावर नेतो ते वाचावे. खोट्या उताऱ्यावर खोट्या संकेतस्थळाचा क्यूआर छापणे अवघड नाही.

*

सही खरी ठरली म्हणजे उताऱ्यातली माहिती खरी ठरली असे नाही. हस्तलिखितावरून संगणकावर घेताना क्षेत्र चुकले असेल, तर ते चुकलेले क्षेत्रही डिजिटल सहीने पक्के होते. ते सुधारायला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. आणि उतारा त्या दिवसापुरता बोलतो. परवा बोजा चढला असेल, तर गेल्या महिन्याच्या सहीला त्याचा पत्ता नसतो.

जमिनीचा इतिहास हवा असेल तर फेरफार वाचावेत. नावाशेजारचा क्रमांक धरून गाव नमुना ६ मध्ये जायचे. तिथे वारस, खरेदीखत, गहाण, वाटप असे एकेक उलगडत जाते. कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो, म्हणजे ते वाचता येते. या जुन्या रिवाजाबद्दल मला फार आदर आहे.

*

पीडीएफलाही अशीच सवय आहे. सही झालेल्या फाइलमध्ये भर घातली तर जुना भाग जागेवर राहतो आणि नवे शेवटी जोडले जाते. म्हणून सहीच्या पॅनेलमध्ये ‘सही झाली तेव्हाची प्रत’ उघडता येते. दोन प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात. करारावर तिघांच्या सह्या असतील तर प्रत्येकाने नेमके काय पाहून सही केली, ते यावरून कळते. हे पॅनेल फार थोडे लोक उघडतात, याचे मला वाईट वाटते.

शिवकालीन पत्रांना माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मर्यादेची मोर्तब असे. मोर्तबेखाली कोणी ओळ वाढवली तर ती उघडी पडे. पीडीएफच्या सहीतही ती फाइलच्या कुठल्या बाइटपासून कुठल्या बाइटपर्यंत लागू आहे, हे नोंदलेले असते. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये नेमका हाच भाग हेरला. २२ पीडीएफ वाचकांपैकी २१ फसले: मजकूर बदललेला, तरी सही वैध. पुढे दुरुस्त्या झाल्या. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवायला सांगतात ते यासाठी.

*

सहीची वेळ कोणाच्या घड्याळाची? वेळेची त्रयस्थ नोंद, म्हणजे टाइमस्टॅम्प, नसेल तर सही करणाऱ्याच्या संगणकाची, आणि ते घड्याळ कोणीही मागे नेऊ शकतो. प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांची असते. दहा वर्षांनी फाइल उघडल्यावर सही मुदतीत झाली होती हे दाखवायचे तर अधिकृत टाइमस्टॅम्प आणि प्रमाणपत्र तेव्हा रद्द नव्हते याचा पुरावा फाइलमध्येच साठवलेला हवा. दीर्घ मुदतीच्या करारात हे आजच मागून घ्यावे.

*

मृत्युपत्रावर अजूनही डिजिटल सही चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते वगळलेले आहे.

*

प्रमाणपत्रांच्या साखळीतली वरची कडीही तुटू शकते. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी झाली, शेकडो खोटी प्रमाणपत्रे निघाली आणि काही आठवड्यांत संस्था दिवाळखोरीत गेली. जुलै २०१४ मध्ये आपल्या एनआयसी या सरकारी संस्थेच्या नावाने गुगलच्या संकेतस्थळांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली. कंट्रोलरने तेव्हा एनआयसीची प्रमाणपत्रेच रद्द केली. विश्वास काढून घेता येतो, म्हणूनच या व्यवस्थेवर विश्वास ठेवता येतो.

*

फाइल खरी कशावरून, हा प्रश्न न्यायालयातही येतो. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही याचा, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र लागणारच. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आले. त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहावा लागतो, ही मोठी सुधारणा आहे. पण पद्धतींच्या यादीत एसएचए-१ आणि एमडी५ यांनाही जागा आहे. एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ २०१७ मध्ये संशोधकांनी करून दाखवल्या, आणि एमडी५ तर त्याच्याही आधी मोडली होती. नमुना भरताना एसएचए-२५६ च्या चौकटीतच खूण करावी.