बोल आणि चाल

बाई मुल्लानपुरात राहावयास आल्या त्याला २०२५ च्या उन्हाळ्यात दोन वर्षे पुरी झाली होती. गुहागर तालुक्यातील प्राथमिक शाळांतून पस्तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या ह्या बाई शिवालिकच्या पायथ्याशी आल्या त्याचे कारण अगदी साधे होते. मुलाला तेथील कर्करोग रुग्णालयात नोकरी मिळाली, आणि मागे गावी एकटे राहण्यासारखे काही उरले नव्हते. पंजाबात मुल्लानपूर नावाची गावे एकाहून अधिक. लुधियाना जिल्ह्यातील मुल्लानपूर दाखा वेगळे आणि चंदीगडला लागून असलेले हे मुल्लानपूर गरीबदास वेगळे. जुन्या गावाभोवतीच्या शेतांवर 'न्यू चंदीगड' नावाची वसाहत उभी राहत आहे. रस्ते रुंद, इमारती उंच आणि माणसे अद्याप तुरळक. अशा ठिकाणी नवख्या माणसाची पहिली ओळख होते ती आवाजांशी.

पहाटेचा आवाज गुरुद्वाऱ्याचा. शेजारच्या सरदारीणबाई त्यांना 'बीजी' म्हणत. बाईंना त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले, की तुमच्या मुलखाचे भगत नामदेव आमच्याकडे रोज गायले जातात. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि तेथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले होते, हे सर्व बाईंना वाचून ठाऊक होते. ह्या पदांचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता एकच की काय, हा पंडितांचा वाद बाजूला ठेवला, तरी त्यांतील काही पदांत मराठी रूपे अजून ओळखू येतात. बाई ती कान देऊन ऐकत आणि एखादे रूप सापडले, की सुनेला हाक मारून सांगत. पण गाणाऱ्या रागींना ते रूप मराठी आहे ह्याची जाणीव असण्याचे कारण नव्हते, आणि बाईंना खटकत असे ते नेमके हेच. अर्थ कळल्यावाचून केलेले पाठांतर म्हणजे पोपटपंची, हे त्यांचे वर्गातील ठरलेले वाक्य होते. त्यापायी त्यांनी अनेक मुलांकडून एकेका कवितेचा अर्थ दहा-दहा वेळा लिहवून घेतला होता.

घरातही तोच प्रश्न निराळ्या रूपात उभा होता. आठ वर्षांची नात शाळेत हिंदी-पंजाबी बोले, घरी हिंदीत उत्तर देई आणि मराठी फक्त गाऊन दाखवी. बाईंचे वडील गिरणीत नोकरीला होते; गणपतीला गावी येत ते जाखडीच्या मेळ्याचे शाहीर म्हणून. जाखडी, म्हणजेच शहरी मंडळी ज्याला बाल्या नाच म्हणून हसत आली तो नाच: मधोमध गाणारा व मृदंगवाला बसलेला, भोवती पायांत चाळ बांधलेल्या गड्यांचे रिंगण, आधी गण, मग गवळण आणि पुढे शक्ती-तुऱ्याचे रात्रभर चालणारे सवाल-जवाब. वडिलांनी रचलेला एक गण ह्या मुलीला तोंडपाठ होता. त्यातील एकाही कडव्याचा अर्थ मात्र तिला विचारून सांगता येत नसे. बाई समजावू लागल्या, की ती म्हणे, "आजी, गाने दो ना!"

एप्रिलमध्ये मुलगा त्यांना चंदीगडला प्राचीन कला केंद्राच्या बैठकीला घेऊन गेला. महाराष्ट्राचे आणि पंजाबचे संगीताचे नाते नामदेवांपाशी थांबत नाही. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय स्थापन करतात ते मुंबई-पुण्यात नव्हे, लाहोरास. गाण्याला वर्ग, वेळापत्रक आणि क्रमिक पुस्तक हवे, ही त्यांची कल्पना एखाद्या शाळामास्तराला शोभेलशीच होती. म्हणूनच बाईंना विष्णु दिगंबरांविषयी विशेष आदर. त्या दिवशीच्या बैठकीत मात्र बोल दोन ओळींचे आणि विस्तार तासाचा. शेजारी बसलेल्या वृद्ध पंजाबी श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा बाईंनी मुलाला हळूच विचारले, की ह्यांना नेमके कोणत्या शब्दाने रडू आले असेल? मुलाने उत्तर दिले नाही.

मे महिना लागला आणि ऐकण्याचे विषयच बदलले. ७ तारखेला संध्याकाळी चंदीगडात अंधाराचा सराव झाला. ८ ला रात्री तो सराव राहिला नाही. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत मोहाली-चंदीगडचे दिवे मालवले गेले. त्या काळोखात बसलेल्या घरात गुहागरहून दूरध्वनी आला. बोलत होत्या वहिनी. प्रथम त्यांनी, तुम्ही सगळे सुखरूप ना, असे विचारले. ते उत्तर पुरते ऐकून घेतले आणि मगच सांगितले, की दादाला पहाटे झटका आला, उजवा हात-पाय गेला आहे, वाचाही गेली आहे. चंदीगडचा विमानतळ ७ पासून बंद होता, आणि सरहद्दीच्या बातम्या ऐकता मुलगा आईला एकटीने रेल्वेत बसवावयास तयार नव्हता. १२ तारखेला विमानतळ उघडला, त्यानंतर मिळेल त्या विमानाने बाई मुंबईला व तेथून कोकण रेल्वेने चिपळूणला गेल्या. मधल्या दिवसांत त्यांनी भावाशी दूरध्वनीवर बोलण्याचा प्रयत्न केला. पलीकडून फक्त श्वास ऐकू येई, आणि क्वचित एक 'हां'.

दादा शाहत्तरीचे. वडिलांचा मेळा त्यांनीच पुढे चालविला होता. गाण्यांची वही त्यांच्याच उशाशी असे. सवाल-जवाबांत समोरच्या मेळ्याला निरुत्तर करण्याबद्दल पाच गावांत ज्यांचे नाव, त्या माणसाला आता बायकोचे नाव आठवत नव्हते, पेल्याकडे बोट दाखवून 'पाणी' म्हणता येत नव्हते. समजत सर्व होते, आणि ते समजते आहे हे चेहऱ्यावर दिसत असल्यामुळे पाहणाऱ्याला अधिक त्रास होई. बाई पोचल्या त्या संध्याकाळी वहिनींनी नेहमीप्रमाणे देवापुढे दिवा लावला व आरती सुरू केली. दुसऱ्या ओळीला खाटेवरून आवाज आला. दादा गात होते. अडखळत नव्हते, शब्द चुकत नव्हते, आरतीची सगळी कडवी त्यांनी चालीसह पुरी केली. वहिनी निरांजन तेथेच ठेवून शेजारणीला बोलावण्यास धावल्या. माणसे जमली; दादांना, कसे वाटते, असे विचारले गेले. उत्तर आले 'हां'. पुन्हा विचारले, पुन्हा 'हां'. जमलेली माणसे थोडा वेळ थांबली व निघून गेली.

डॉक्टरांना ह्यात नवल वाटले नाही. बोलण्याची केंद्रे बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूस, गाण्याचा बराचसा व्यवहार उजव्या बाजूस. डावी बाजू दुखावली, तरी पाठ झालेले गाणे शब्दांसह शाबूत राहू शकते. वैद्यकाच्या इतिहासात हे जुनेच आहे. १७४५ साली ओलोफ डालिन ह्या स्वीडिश लेखकाने वाचा गेलेल्या, परंतु स्तोत्रे गाऊ शकणाऱ्या एका माणसाची हकीकत लिहून ठेवली होती. १९७३ साली अमेरिकेत बॉस्टन येथील संशोधकांनी त्यावरून उपचाराची पद्धतच बसविली: साधे वाक्य सुरावर म्हणावयाचे, डाव्या हाताने ठेका धरावयाचा आणि हळूहळू सूर काढून घ्यावयाचा. बाईंनी हे ऐकले आणि दुसऱ्या दिवसापासून खाटेशेजारी शाळा भरविली. 'पाणी दे' हे दोन शब्द त्यांनी गणाच्या चालीवर बसविले. दादांचा डावा हात हाती घेऊन खाटेच्या काठावर ठेका देत त्या ते म्हणत. चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी 'पा' आला. आठवड्याने दादांनी 'पाणी दे' गाऊन म्हटले आणि वहिनींनी पाणी देता देता डोळे पुसून विचारले, "वन्सं, आता ह्या घरात सगळं गाऊनच बोलायचं का?" बऱ्याच दिवसांनी घरात हसू झाले. २६ मे रोजी पाऊस मुंबईत दाखल झाला, अभूतपूर्व म्हणावा इतका लवकर. त्या आधीच्या सरींतच बाई परत निघाल्या.

मुल्लानपुरात पाऊस नव्हता. जेठाचे ऊन आणि रस्त्याकडेला छबिलींचे मंडप होते, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गोड गार दुधपाणी पाजणारे. २९ व ३० मेच्या रात्री यादवींद्रसिंह क्रिकेट मैदानावरचे संगीत घराच्या काचा हलवीत होते. हैदराबादेस व्हावयाचे सामने संघर्षानंतरच्या फेरबदलात इकडे आले होते. पहिल्या रात्री पंजाबचा डाव १०१ धावांत आटोपला व संगीत चालू असूनही गाव गप्प झाले. दुसऱ्या रात्री मुंबई जिंकली, तेव्हा नातीने गॅलरीतून मराठीत एक आरोळी ठोकली. त्या आरोळीवर बाईंनी काही भाष्य केले नाही, ही त्यांच्या सुनेच्या दृष्टीने त्या महिन्यातील लक्षणीय घटना होती.

जूनमध्ये मॉरिशसला जाण्याचे मुलाने हिवाळ्यातच ठरवून, पैसे भरून ठेवले होते. बाईंना जाववत नव्हते. त्यांनी वहिनींना विचारले, ते नकार मिळावा म्हणून. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. इथं मी हाय." एवढ्यावर बोलणे संपले.

आपला उन्हाळा तो त्या बेटाचा हिवाळा. समुद्र निळा, वारा बोचरा, उसाच्या तोडणीचे दिवस. पश्चिम किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात रात्री पाहुण्यांसाठी सेगा नाचून दाखवीत. गुलामांनी निर्माण केलेला हा नाच रात्रीच्या जेवणाबरोबर वाढला जातो, हे बाईंना रुचले नाही. पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटावर मात्र त्या बराच वेळ थांबल्या. २ नोव्हेंबर १८३४ ला मजुरांचा पहिला गट येथे उतरला. त्यानंतरच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे. पुष्कळशी बिहारची, काही तामिळ व तेलुगू मुलखांतली, आणि मुंबई बंदरातून निघालेली काही हजार रत्नागिरीकडची. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या उरल्या आहेत. त्या मराठी माणसांची 'जी'ने संपणारी नावेच पुढे वंशजांची आडनावे झाली. गावाची नावे बहुतेकांची सुटली.

गाडी चालविणारे गृहस्थ अशाच एका आडनावाचे निघाले. त्यांची मराठी शाळेत शिकलेली, जपून वापरलेली; बोलणे क्रिओलमध्ये. बाई कोकणातल्या, आणि त्यांचे वडील जाखडीचे शाहीर होते, हे कळताच त्यांनी गाडी उसाच्या मळ्यांतून कास्काव्हेलकडे वळविली. १८९६ साली ह्या बेटावरचा पहिला गणेशोत्सव झाला असे सांगतात. त्यांच्या मामांच्या ओसरीवर शनिवारची मंडळी जमली होती. ढोलकी होती, झांजा होत्या. ज्याला ते झाकरी म्हणतात, ते सुरू झाले.

पहिल्या चार मात्रांतच बाई उठून उभ्या राहिल्या. चाल गणाची होती. दादा ज्या ठिकाणी श्वास घेत, त्याच ठिकाणी हे लोक श्वास घेत होते. शब्दांची मात्र दैना झालेली. काही मराठी, काही मराठीसारखे ऐकू येणारे, काहींना कोणत्याच भाषेत अर्थ नसावा. दीडशे वर्षे आणि पाच-सहा पिढ्यांच्या तोंडांतून जाताना शब्दांचे कोपरे झिजले होते. गाणे संपल्यावर बाईंनी मामांना एका ओळीचा अर्थ विचारला. ते संकोचले, आणि त्यांच्या भाच्याने दुभाष्याचे काम करीत सांगितले, की मामांना तो माहीत नाही, त्यांच्या आजोबांनाही नव्हता. पण एक अक्षर बदललेले त्यांना चालत नाही. पस्तीस वर्षांच्या सवयीने बाईंच्या ओठांवर काहीतरी आले असावे. त्यांनी ते गिळले, आणि ती ओळ पुन्हा म्हणावयास सांगितली. नात तोवर रिंगणात जाऊन मिळाली होती.

मुलाने ते सर्व दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित केले आणि रात्री गुहागरला पाठविले. दीड तास पुढे असलेल्या त्या घरी निजानीज झाली असणार असे वाटत होते, पण थोड्याच वेळात वहिनींचा उलट दूरध्वनी आला. दादांनी ऐकले होते. ऐकताना पहिल्यांदा ते रडले, असे वहिनी म्हणाल्या. मग मान जोरजोरात हलवू लागले, ते काही केल्या थांबेनात. काय बिनसले ते कळेना. शेवटी त्यांनी डाव्या हाताने खाटेचा काठ वाजवून दाखविला, एकदा ते लोक वाजवितात तसा आणि मग स्वतःच्या वडिलांसारखा.

"ठेका चुकला म्हणतायत," वहिनी म्हणाल्या. "परत लावायला सांगतायत."