ई-मेलची टपालकचेरी

टपाल हें विश्वासावर चालतें. आपण पत्र लिहितों, पेटींत टाकितों आणि निश्चिंत मनानें घरीं परततों. तें ज्या हातांतून जावयाचें असतें, त्यांपैकीं एकही हात आपल्या ओळखीचा नसतो. ई-मेलच्या बाबतींत तर ते हात दृष्टीसही पडत नाहींत. कळ दाबिली कीं पत्र गेलें, असें आपण म्हणतों. परंतु तें कोणीं नेलें, कोठें उतरलें आणि आपण उघडीपर्यंत कोणाच्या स्वाधीन होतें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आमचे विद्यार्थी आपले अर्ज आणि पालक आपलीं निकडीचीं कामें आज या टपालावर सोंपवितात. म्हणून या अंकांत त्या अदृश्य टपालकचेरीची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एकाच संगणकावर काम करणारीं माणसें एकमेकांस निरोप ठेवीत, हें पूर्वींपासून होतें. परंतु एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाणारें पत्र प्रथम निघालें तें सन १९७१ मध्यें, अमेरिकेंतील केंब्रिज या शहरीं. पाठविणारे गृहस्थ रे टॉमलिन्सन या नांवाचे इंजिनियर होते. दोन्ही यंत्रें एकाच खोलींत शेजारीं शेजारीं उभीं होतीं. पण त्यांस जोडणारा मार्ग काय तो आर्पानेट या जाळ्याचाच होता. माणसाचें नांव आणि यंत्राचें नांव यांच्यामध्यें कांहीं खूण हवी होती. टॉमलिन्सन यांनीं व्यापाऱ्यांच्या हिशेबांत 'दरानें' या अर्थीं वापरली जाणारी एक खूण उचलिली. तीच आपली 'ॲट'. त्या पहिल्या पत्रांत काय लिहिलें होतें, हें पुढें त्यांस स्वतःसही आठवेना!

आतां पत्राच्या मागोमाग जाऊं. आपलें पत्र थेट मित्राच्या घरीं जात नाहीं. तें प्रथम आपल्या सर्व्हरकडे, म्हणजे अहोरात्र जागणाऱ्या एका संगणकाकडे, जातें. हा सर्व्हर आपली ओळख पटवून घेतो आणि मग पत्त्याचा फक्त उजवा भाग वाचतो. टपालकचेरींत थैली निवडतांना प्रथम गांव पाहतात, घरक्रमांक मागाहून, तसेंच हें. त्या गांवचें टपाल कोण स्वीकारतो, हें सांगणारी एक जगव्यापी नोंदवही आहे. तिची योजना सन १९८३ मध्यें पॉल मोकापेट्रिस यांनीं मांडली. नोंदवहींत एकाहून अधिक सर्व्हरांचीं नांवें असूं शकतात आणि प्रत्येकापुढें एक आंकडा असतो. लहान आंकड्याचें दार प्रथम ठोठावावयाचें. तें बंद असल्यास पुढचें.

दार उघडलें म्हणजे दोन सर्व्हरांचें जें संभाषण होतें, त्याचे नियम जॉन पोस्टेल यांनीं सन १९८२ मध्यें लिहिले. त्यांत पुष्कळ भर पडली असली, तरी मूळ बोली अद्याप तीच आहे. आलेला सर्व्हर नमस्कार करून आपलें नांव सांगतो. नंतर पत्र कोणाचें, कोणास, हें कळवितो. यजमान प्रत्येक वाक्यास तीन आंकडी उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक. ५५० म्हणजे अशी पेटी येथें नाहीं. ४ नें आरंभ होणारें उत्तर म्हणजे आतां नको, मागाहून या. सर्व ठीक असल्यास पत्राचा मजकूर ओळीओळीनें दिला जातो, आणि शेवटीं एका ओळींत एकच टिंब ठेविलें कीं पत्र संपलें.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. टपाल चालतें तें लिफाफ्यावरील नांवांवर. आंतल्या कागदावर लिहिलेल्या नांवांवर नव्हे. म्हणूनच इतरांस न कळतां एखाद्यास प्रत पाठवितां येते. आणि म्हणूनच एखादा लबाड मनुष्य आंत तुमच्या बँकेचें किंवा शाळेचें नांव खुशाल लिहूं शकतो. यावर उपाय निघाले आहेत. आपलें टपाल कोणत्या सर्व्हरनें न्यावें, हें नांवांचे मालक त्याच नोंदवहींत जाहीर करितात, आणि पत्रावर गुप्त किल्लीनें सही करितात. तरीही पैसे किंवा सांकेतिक शब्द मागणाऱ्या पत्रावर, वडील माणसांस दाखविल्यावांचून, कोणीं विश्वास ठेवूं नये.

या सर्व व्यवहारांत आमचें मन विशेष वेधून घेणारा क्षण त्या शेवटच्या टिंबानंतरचा आहे. यजमान पुन्हां २५० म्हणतो, आणि त्याच क्षणीं पत्राची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. तोंपर्यंत पहिल्या सर्व्हरनें आपली प्रत टाकावयाची नाहीं. आणि त्यानंतर दुसऱ्यानें क्षुल्लक कारणासाठीं तें पत्र गमवावयाचें नाहीं. त्यानें तें पोंचवावें, नाहीं तर न पोंचल्याचें पाठविणाऱ्यास कळवावें. असें कळविणाऱ्या पत्राच्या लिफाफ्यावर पाठविणाऱ्याची जागा मुद्दाम कोरी ठेवितात. नाहीं तर दोन सर्व्हर एकमेकांस तक्रारी पाठवीत युगानुयुगें बसतील.

या निष्ठेचा प्रत्यय आम्हांस गेल्या वर्षीं आला. आमच्या एका माजी विद्यार्थ्यास परदेशांतील एका शिक्षणसंस्थेकडून शिष्यवृत्तीचें पत्र यावयाचें होतें, आणि होकार कळविण्याची मुदत जवळ आली होती. सोमवार गेला, मंगळवार गेला, पत्र नाहीं. घरीं आईच्या घशाखालीं घांस उतरेना. बुधवारीं तो आमच्याकडे आला. पाहतों तों त्याची पेटी जाहिरातींनीं आणि छायाचित्रांनीं कांठोकांठ भरलेली! त्यानें तेथेंच बसून ती मोकळी केली, आणि सायंकाळीं पत्र येऊन पोंचलें. प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर आपला शिक्का मारतो, नवा शिक्का जुन्याच्या वर. आम्हीं ते खालून वर वाचिले. खालच्यावर सोमवारची सकाळ होती, वरच्यावर बुधवारची संध्याकाळ. मधला सर्व काळ तें पत्र पाठविणाऱ्याच्या सर्व्हरवर रांगेंत उभें होतें, आणि 'मागाहून या' हें उत्तर ऐकूनही तो सर्व्हर पुनःपुन्हां दार ठोठावीत होता. निदान ४-५ दिवस तरी प्रयत्न सोडूं नये, असें नियमग्रंथ सांगतो.

पोंचलेलें पत्र पेटींत ठेवण्याच्याही रीति आहेत. एका रीतींत सर्व पत्रें एकाच लांबलचक वहींत एकाखालीं एक लिहिलीं जातात. डॅनियल बर्नस्टाइन यांनीं काढिलेल्या दुसऱ्या रीतींत प्रत्येक पत्राचा कागद निराळा, आणि खण तीन: एक लिहितांना, एक नव्या पत्रांसाठीं, एक पाहिलेल्यांसाठीं. पत्र पुरतें लिहून झाल्यावरच तें नव्यांच्या खणांत सरकवितात. त्यामुळें मध्येंच वीज गेली तरी अर्धवट पत्र कोणाच्या हातीं पडत नाहीं.

आपल्या मराठीचें काय, असें कोणी विचारील. मूळचें टपाल इंग्रजी अक्षरांपुरतेंच होतें. सन १९९२ मध्यें नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनीं इतर लिपि, चित्रें आणि ध्वनि यांस त्याच वाटेनें नेण्याची युक्ति प्रसिद्ध केली. 'आई' हा दोन अक्षरांचा शब्द यंत्राच्या आजच्या मापानें सहा बाइट भरतो; प्रवासांत त्या युक्तीच्या एका प्रकारानें त्याचीं आठ साधीं चिन्हें होतात, आणि मुक्कामीं पुन्हां 'आई' उमटते.

पत्राच्या प्रती मात्र मागें राहतात: एक आपल्या सर्व्हरवर, एक मित्राच्या, कदाचित् आणखी कोठें जपून ठेविलेली. आपण आपली प्रत पुसली म्हणून दुसऱ्याची पुसली जात नाहीं. रागाच्या भरांत लिहिलेला शब्द परत बोलावतां येत नाहीं, हें वडिलांचें सांगणें येथें दुपटीनें खरें आहे.

मुलांनो, दुसऱ्याचा ठेवा सांभाळणाऱ्या विश्वासू कारभाऱ्याचा दृष्टांत तुम्हीं ऐकिला आहे. निर्जीव यंत्रास मनुष्यानें हाच धर्म शिकविला: स्वीकारलें तर पोंचवावें, न जमल्यास स्पष्ट सांगावें, आणि दार बंद दिसलें म्हणून पहिल्याच खेपेस परत फिरूं नये. जें आपण यंत्राकडून नियमानें करवून घेतों, तें आपल्या हातून आपखुषीनें घडावें, एवढीच आमची इच्छा आहे.