पहिला कॅमेरा, काकांची लेन्स

‘माझं लग्न ठरलंय’ असं ऑफिसात जाहीर केलं तरी जेवढे सल्ले मिळणार नाहीत, तेवढे ‘मी डीएसएलआर घेतेय’ म्हटल्यावर मिळतात. अनुभवाचे बोल आहेत हे. २०२३च्या दिवाळीचा बोनस, बजेट चाळीस हजार, आणि हिंजवडीच्या कॅन्टीनमधले तमाम एक्स्पर्ट.

एक म्हणाला, मोबाइल आहे ना हातात, कशाला पैसे घालवतेस? दुसरा म्हणाला, डीएसएलआर संपला, मिररलेस घे. त्याचं तसं चूक नव्हतं. कॅनन आणि निकॉन या दोन्ही दादा कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, त्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर आहे. पण बऱ्या मिररलेसची किंमत पाहिली की बोनस लाजून पाकिटात परत जायचा. तिसऱ्याचा फंडा सोपा होता : ज्याचे मेगापिक्सेल जास्त, तो घे. आता कॅननचा १५००डी घ्या नाहीतर निकॉनचा डी ३५००, सगळेच २४ मेगापिक्सेलचे. मग निवडायचं कशावरून?

तीन आठवडे मी रात्री जागून रिव्ह्यू वाचले. शेवटी एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने ‘मॅडम, डबल झूम किट घ्या, एकदम प्रोफेशनल’ म्हणत दोन लेन्सचा खोका पुढे सरकवला. कार्ड काढलंच होतं. पण म्हटलं, घरी एक फोन करावा.

घरी म्हणजे उस्मानाबादला. कागदोपत्री आता धाराशिव झालं, तरी माझ्या तोंडात अजून दोन्ही नावं येतात. तिथे माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारसी, शाळेचे ग्रुप फोटो आणि ढिगाने पासपोर्ट साइज. मोबाइल आला, घरोघरी प्रिंटर आले आणि काकांनी एक दिवस शटर खाली ओढलं ते ओढलंच. त्यानंतर फोटो हा विषयच त्यांनी घरात काढला नाही. म्हणून मीही तीन आठवडे त्यांना विचारलं नव्हतं.

मी दोन लेन्सचं पुराण ऐकवलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘कॅमेरा कुठला ते नंतर बघू. आधी मला सांग, फोटो कुणाचा काढणार हायेस?’’

मला उत्तर देता आलं नाही. खरं म्हणजे होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

त्याच वर्षी जूनमध्ये काकांची अँजिओप्लास्टी झाली होती, सोलापूरला. रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी मोबाइलची गॅलरी चाळत होते. सहज, वेळ जात नव्हता म्हणून. पाच हजारांवर फोटो. त्यात काकांचा एकही नाही. घरचे अल्बम आठवून पाहिले. माझं जावळ, आईबाबांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, आजीची पंचाहत्तरी... प्रत्येक वेळी काका कॅमेऱ्यामागे. निम्म्या गावाचे फोटो काढणारा माणूस आमच्या एकाही फोटोत नव्हता. त्या रात्री बाकावर मला दरदरून घाम फुटला होता.

फोनवर मी एवढंच म्हणाले, ‘‘माणसांचे काढायचेत.’’

‘‘मग ती लांबची झूम काय करायची? माणूस काय एक किलोमीटरवर उभा राहतो? निकॉन घे. जुना घे. लेन्स माझ्याकडं हाय.’’

ही लेन्स म्हणजे त्यांच्या एफएम १० वर लागणारी ५० एमएम, एफ १.८. फिल्मच्या जमान्यातली, हाताने फोकस करायची. निकॉनने लेन्स अडकवायची खाच, म्हणजे एफ माउंट, १९५९मध्ये आणली आणि पुढे डीएसएलआरलाही तीच ठेवली. त्यामुळे काकांची लेन्स डिजिटल बॉडीवर बसते. मात्र यात एक मेख आहे, आणि ती जुन्या लेन्सच्या मोहात पडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या स्वस्त बॉडींमध्ये ऑटोफोकसची मोटर नसते. लेन्समध्येच मोटर असलेली, एएफ-एससारखी लेन्स घेतली तरच ऑटोफोकस चालतो. आणि काकांच्या लेन्ससारखी पूर्ण मॅन्युअल लावली, तर लाइट मीटरही बंद. एम मोडवर जायचं आणि अंदाजाने प्रकाश मोजायचा. कॅननच्या डीएसएलआरचं याबाबतीत सोपं आहे. ईएफ लेन्स लावा, ऑटोफोकस सुरू.

म्हणजे डोक्याने विचार केला तर कॅनन. मी निकॉन घेतला.

डी ५३००, २०१३ साली आलेलं मॉडेल, कोथरूडमधल्या एका मुलाकडून १८-५५ लेन्ससकट बावीस हजारांत. जायच्या आधी काकांनी फोनवर अभ्यास करून घेतला होता. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढ, सेन्सरवर धूळ असेल तर ठिपके दिसतील. लेन्समध्ये टॉर्च मार, कोळिष्टकासारखं जाळं दिसलं तर बुरशी आहे, चहासुद्धा न घेता उठून ये. शटर किती वेळा पडलंय ते मात्र माझं मी शोधलं. फोटोच्या फाइलमध्येच तो आकडा असतो. अठरा हजार होता. या बॉडीचं शटर एक लाखापर्यंत तपासलेलं असतं, म्हणजे कॅमेरा तरुण होता! उरलेल्या पैशांतून कार्ड, बॅग, जादा बॅटरी घेतली, तरी बोनस शिल्लक.

दिवाळीला घरी गेले. काकांनी माळ्यावरून स्टीलचा डबा काढला. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि फडक्यात गुंडाळलेली लेन्स. इतक्या वर्षांत काचेवर बुरशीचा एक ठिपका नाही. मराठवाड्याच्या कोरड्या हवेचे आम्ही एरवी कधी आभार मानत नाही, त्या दिवशी मानले.

भाऊबीजेनंतर आम्ही नळदुर्गला गेलो. मला बोरी नदीवरच्या बंधाऱ्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे काढायचे होते. पण त्या वर्षी पाऊस कमी, धबधबे कोरडे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याने बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल तेवढा दिसत होता. माझं तोंड उतरलं. काकांना उपली बुरुजाच्या पायऱ्या चढायला डॉक्टरांची मनाई, ते तटाच्या सावलीत बसले आणि तिथूनच त्यांनी शाळा घेतली.

‘‘मीटर बंद हाय म्हणून रडू नको. आयएसओ १०० ठेव. कडक ऊन असलं की एफ १६ आणि शटर १/१२५. ढग आले तर एफ ८. अशी उघडी सावली असली तर एफ ४. एवढ्यावर आम्ही लग्नं काढली. रोलमधी छत्तीस फोटो, चुकायला परवानगी नव्हती.’’

मी उन्हात तट काढला. स्क्रीनवर बघितलं तर उजेड अगदी बरोबर. अंदाजे नाही, बरोबर! मग मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला.

‘‘माझा कशाला?’’

‘‘तुम्हीच विचारलं होतं ना, कुणाचा काढणार म्हणून?’’

ते क्षणभर गप्प झाले. टोपी काढली, केस सारखे केले आणि ताठ बसले, पासपोर्ट साइजला बसतात तसे. गिऱ्हाइकांना त्यांनी आयुष्यभर जे सांगितलं तेच मी त्यांना सांगितलं : ‘‘हनुवटी थोडी खाली. खांदे सैल. श्वास सोडा.’’ त्यांना हसू फुटलं. मी रिंग फिरवली, व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका लागला, एफ ४, १/१२५, क्लिक.

धावत जाऊन दाखवला. मला तर डोळ्यांत पाणी येईल की काय असं झालं होतं. काकांनी चष्मा वर केला, स्क्रीनवर फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघितला. कॅमेरा परत देताना म्हणाले,

‘‘फोकस मिशीवर गेलाय. डोळ्यावर पायजे. परत काढ.’’

त्या दिवशी मी त्यांचे एकसष्ट फोटो काढले.