जास्तीचा पगार

पगार दहा रुपयांनी कमी आला तर घरातल्या लहान पोरालासुद्धा संध्याकाळपर्यंत ते कळते. जास्त आला तर मात्र वीस वर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि येते तेव्हा त्याचे नाव बदलून 'वसुली' झालेले असते.

आमच्या देवणीतले एक गुरुजी निवृत्त झाले तेव्हा असेच घडले. सेवापुस्तक तपासताना निघाले की, पाचव्या वेतन आयोगाच्या वेळी त्यांना एक वेतनवाढ चुकून जास्त लागली होती. रक्कम सव्वा लाखाच्या घरात. ती ग्रॅच्युइटीतून कापून घेऊ, असे पत्र ऐन दिवाळीच्या तोंडावर आले.

गुरुजींनी जन्मभर गणित शिकवलेले. ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. ४५००-१२५-७००० या श्रेणीतली वाढ सव्वाशेची. २००६ च्या वेतननिश्चितीत ती १.८६ ने गुणली गेली, २३२ झाले. २०१६ च्या वेळी २.५७ ने, जवळजवळ ६०० झाले. मधल्या वार्षिक वाढी आणि महागाई भत्ता निराळाच. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "हिशोब बरोबर आहे हो त्यांचा!" त्या स्वरात दुःख होते की समाधान, हे मला अजून सांगता येत नाही.

काकूंना मात्र हे समाधान मुळीच मानवले नाही. "बरोबर आहे म्हनं! पैसे हायेत कुठं? लेकीच्या लातूरच्या शिक्षणात गेले, सासूबाईंच्या दवाखान्यात गेले, अन् उरलेले ते दावणीला उभे हायेत." दावणीला काळ्या तोंडाचा, पांढऱ्या अंगाचा वानेरा बैल रवंथ करीत होता. त्याच्यातून सव्वाशेचा हप्ता कसा वेगळा काढणार?

न्यायालयानेही काकूंचाच प्रश्न विचारला आहे, फक्त इंग्रजीत. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात १८ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, किंवा पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेलेली जादा रक्कम वसूल करू नये. २०२२ साली केरळातल्या, १९९९ मध्ये निवृत्त झालेल्या एका शिक्षकाच्या बाबतीतही तेच झाले. मात्र हा हक्क नव्हे; माणूस भरडला जाऊ नये म्हणून न्यायबुद्धीने दिलेली मुभा.

गुरुजींना भीती हमीपत्राची होती. जास्त पैसे आल्यास परत करीन, असे त्यांनी लिहून दिलेले. वेतन आयोगाचा लाभ घेताना त्यावर सही न करणारा मास्तर मी तरी पाहिलेला नाही! २०१६ च्या जगदेवसिंग प्रकरणात अशा हमीमुळे वसुली मान्य झाली होती; पण तो गृहस्थ न्यायाधीश होता, प्राथमिक शिक्षक नव्हे.

अर्ज मी लिहिला. गुरुजींनी पहिलेच वाक्य घालायला लावले: 'आपण काढलेली रक्कम बिनचूक आहे.' मी म्हटले, "गुरुजी, याने आपली बाजू लंगडी पडते." त्यांनी वाक्य खोडू दिले नाही.

सात महिन्यांनी ग्रॅच्युइटी पूर्ण मिळाली. पेन्शन मात्र दुरुस्त केलेल्या पगारावर बसली, आणि ती मंजूर झाल्याचा कागद हाती पडताच गुरुजी पुन्हा पेन्सिल शोधू लागले.