जोड लावणे

पाश्चात्य व्यावसायिक कुस्तीत मॅनेजर म्हणजे मल्लाच्या वतीने लढती ठरवणारा, त्याच्या मानधनाचा व्यवहार पाहणारा आणि अनेकदा प्रेक्षकांसमोर त्याच्या वाट्याचे बोलणेही स्वतःच बोलणारा माणूस होय. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वळसंग आणि त्याच्या आसपासचा मुलूख, जिथे मराठी आणि कन्नड एकाच पारावर ऐकू येतात आणि तालमीला कन्नडमध्ये ‘गरडी’ म्हणतात, तिथे या माणसाचा शोध घेतला तर तो एका व्यक्तीत सापडत नाही, कारण त्याचे काम तिघांत वाटले गेले आहे: मल्ल घडवणारा वस्ताद, इनामाची रक्कम उभी करणारी जत्रा कमिटी आणि हलगीच्या कडकडाटात मल्लाची ओळख करून देणारा निवेदक. या तिघांपैकी मल्लाचे आयुष्य ज्याच्या हाती असते तो वस्ताद. आणि त्याच्या कसबाचा कस डाव शिकवताना लागतो त्याहून अधिक जोड ठरवताना लागतो.

‘जोड’ म्हणजे एकमेकांसमोर उभे करण्याजोगे, तोलामोलाचे दोन मल्ल. सुगी आटोपल्यावर चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा सुरू होतात, तेव्हा मोठ्या इनामाच्या कुस्त्या आधीच नेमल्या जाऊन त्यांची नावे पोस्टरवर छापली जातात. पण लहान कुस्त्या मैदानातच जुळतात. पंच एखाद्या पोराचा हात धरून त्याला आखाड्याभोवती फिरवतो, समोरच्या बाजूने कोणी उठला की दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करतो, आणि दोन्हीकडच्या जाणत्यांनी मान डोलावली की कुस्ती लागते. वजनकाटा नसलेल्या या निवडीत डोळ्यालाच काट्याचे काम करावे लागते. जाणता वस्ताद दंडाचा घेर शेवटी पाहतो; त्याआधी तो मानेची ठेवण, मनगटाचे हाड, आखाड्यात शिरतानाची चाल आणि विशेषतः श्वास पाहतो, कारण मातीतली निकाली कुस्ती, म्हणजे चितपट होईपर्यंत चालणारी कुस्ती, मॅटवरच्या तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांसारखी घड्याळाने संपत नाही. खडाखडीत, म्हणजे सलामीनंतर हाताला हात लावून एकमेकांची ताकद अजमावण्याच्या पहिल्या झटापटीत, ज्याचा दम खर्ची पडतो त्याला पुढे घिस्सा किंवा ढाक यांसारखा डाव कितीही उत्तम येत असला तरी तो लावण्याइतके बळ उरत नाही. समोरचा कोणत्या तालमीचा पट्ठा आहे, तो पाय पकडायला पटात शिरतो की पाठीवर बसून थकवतो, आपल्या पोराचा गेल्या आठवड्यात दुखावलेला गुडघा पुरता सावरला आहे की तो इनामाच्या ओढीने दुखणे लपवतो आहे, या साऱ्याचा हिशेब वस्तादाला कमिटीचा माणूस उत्तरासाठी थांबलेला असताना करावा लागतो.

हा हिशेब चुकला तर त्याची किंमत पोर मोजते. वरचढ मल्लासमोर अकाली उभा केलेला तरुण हरतो यात नवल नाही. पण काहींच्या बाबतीत त्या एका हारीने हातापायांत जी धास्ती शिरते ती पुढे कितीही जोर-बैठका मारल्या तरी निघत नाही. उलट सतत हलक्या जोडी देऊन जिंकत ठेवलेल्या मल्लाला अंगावर आलेली कुस्ती कशी सोसायची हे कळतच नाही. दोन्ही दोषांचे मूळ वस्तादाच्या घाईत किंवा मोहात असते, आणि त्यातला मोहाचा दोष अधिक गंभीर मानला पाहिजे. त्याचे टोक म्हणजे आधीच निकाल ठरवून लढलेली कुस्ती; तिला या क्षेत्रात ‘नूरा कुस्ती’ म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरला जातो, ही या समाजाची नैतिक जमेची बाजू आहे.

देशी मल्लाला परक्या व्यवस्थेत नेणारा मॅनेजर भारतीयांना अपरिचित नव्हता. १९१० साली आर. बी. बेंजामिन या आयोजकाने गामा आणि इमामबक्ष या मल्लांना लंडनला नेले, तिथे गामाने डॉ. रोलर याला हरवले आणि झिबिस्को याच्याशी त्याची कुस्ती बरोबरीत सुटली. इमामबक्षची कीर्ती पुढे राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानालाही लाभली. पण कोल्हापुरात मल्लाच्या खुराकाची काळजी संस्थानाने वाहिली, आणि संस्थाने गेल्यावर ती जबाबदारी अशा लोकांवर आली ज्यांचे नाव कोणत्याही पोस्टरवर छापले जात नाही. मल्ल खाशाबा जाधव यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. जगातल्या कोणत्याही मॅनेजरने आपल्या मल्लावर यापेक्षा मोठा विश्वास दाखवला असेल असे वाटत नाही.

खर्चाचा प्रश्न आजही तोच आहे. दूध, तूप, बदाम आणि थंडाईचा खुराक बारमाही लागतो, इनाम मात्र हंगामी मिळते, आणि २०२० साली टाळेबंदीत जत्रा बंद पडल्या तेव्हा खुराक आणि इनामाचे हे नाते किती नाजूक आहे ते तालमीतल्या प्रत्येक पोराला कळले. शेतमजुराच्या किंवा हमालाच्या घरून आलेल्या मुलाला अशा वेळी तालमीत टिकवून धरणे हेदेखील वस्तादाचेच काम ठरते.

या कामातला सर्वांत अवघड क्षण ७ जानेवारी २०२० रोजी पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्राने पाहिला. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत, म्हणजे गादी (मॅट) आणि माती या दोन विभागांचे विजेते जिथे समोरासमोर येतात त्या लढतीत, हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके उभे होते, आणि दोघेही वस्ताद काका पवार यांचेच पट्ठे होते. एकाच आखाड्यात रोज एकमेकांशी लढत करून तयार झालेल्या दोन मल्लांना एकमेकांच्या सवयी ठाऊक असतात. वस्तादाला तर दोघांच्याही उणिवा ठाऊक असतात, आणि त्यातली एकही उघड करण्याचा अधिकार त्याला त्या दिवशी उरत नाही. जो मॅनेजर मल्लाच्या वतीने बोलण्यासाठीच असतो, त्याच्या कल्पनेत ही स्थिती बसणारच नाही. सदगीर जिंकला आणि त्याने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. त्या क्षणाचे छायाचित्र घरोघरी पाहिले गेले, आणि त्यात वस्ताद दिसत नसला तरी त्याच्या शिकवणुकीचे इतके स्पष्ट चित्र दुसरे नसेल.

बोलण्याचे काम मैदानात निवेदकाकडे असते. कोथळीचे शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी मल्लाचे गाव, तालीम, वस्ताद आणि गाजलेल्या कुस्त्या तोंडपाठ सांगून या कामाला स्वतंत्र कलेचा दर्जा दिला. निवेदक कोणा एकाच्या बाजूचा नसतो, आणि दोन्ही मल्लांचे मोठेपण तो सारख्याच आवाजात सांगतो. म्हणूनच वस्तादाला गप्प राहणे परवडते.

त्याचे खरे बोलणे जत्रेच्या कितीतरी आधी होऊन गेलेले असते. कमिटीची माणसे नारळ घेऊन तालमीत येतात, एखादे नाव घेतात, इनामाचा आकडा सांगतात. चहा होतो, हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, पोरे माती उकरत असतात, आणि वस्ताद त्यांच्यातल्या एकाकडे थोडा वेळ पाहून म्हणतो की पोरगं अजून कच्चं आहे, औंदा नको. ज्याच्याविषयी हे बोलणे झाले त्याच्या कानावर ते संध्याकाळपर्यंत येते, तो दोन दिवस रागाने कोणाशी बोलत नाही, तिसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी लंगोट कसून हौद्यात उतरतो, आणि पुढच्या चैत्रात तीच जोड पोस्टरवर छापली जाते.