एक किलो एकशेदहा ग्रॅम

लाडवांच्या सामानासाठी घेतलेल्या वजनकाट्यावर परवा मी लॅपटॉप ठेवला. एक किलो एकशेदहा ग्रॅम. २०१७च्या दिवाळीत घेतला तेव्हा खोक्यावर छापलं होतं तेवढंच. मग शेजारी चार्जर ठेवला, वायरीच्या वेटोळ्यासकट. तीनशेचाळीस. त्यावर यूएसबी हब, कारण डावीकडचं पोर्ट ढिलं झालंय, नव्वद. आणि माउस, कारण टचपॅडवर बोट ठेवलं की बाण भलतीकडेच पळतो, पंचाण्णव. काट्यावर आकडा आला एक किलो सहाशेपस्तीस.

हलका लॅपटॉप म्हातारा झाला की जड होतो, हे घेताना कुणी सांगत नाही.

मी तो घेतला होता लोकलसाठी. चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांत येणाऱ्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करायच्या, हे माझं काम. आठवड्यातून दोनदा शिवाजीनगरला जावं लागतं. तळेगावला लेडीज डब्यात खिडकी मिळाली की घोरावाडी यायच्या आत पडदा उघडलेला असे. डबा, छत्री आणि हा, तिघे एका पिशवीत गुण्यागोविंदाने राहत. चार्जर घरीच. संध्याकाळी परतताना कान्ह्या-कामशेतच्या बायका भाज्यांच्या रिकाम्या टोपल्या घेऊन चढायच्या, दाटीवाटीत मांडी अर्धी व्हायची, तरी त्या अर्ध्या मांडीवर हा मावायचा. आता देहूरोडला बॅटरी लाल होते आणि आकुर्डीला पडदा काळा. काळ्या पडद्यात आपलंच तोंड दिसतं. सकाळी सव्वाआठला ते फारसं बघण्यासारखं नसतं.

मग रात्री नव्या लॅपटॉपांचे भाव बघायचं व्यसन लागलं. साठ हजार, पासष्ट हजार. भाव उतरतील म्हणून थांबले, तर एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरच्या मेमरीवर झडप घातली आणि भाव चढले. "घेऊन टाक ना एकदाचा," नवरा म्हणाला, "रोज रात्री त्याचं श्राद्ध घालतेस."

तसं म्हटलं तर दुखणं काय होतं त्याला? मला लागतं काय? एक शब्दकोश, दोन फायली समोरासमोर, देवनागरी टंकन, मेल. यातलं एकही काम २०१७पेक्षा अवघड झालेलं नाही. मराठी जोडाक्षरांना काही जास्तीचा प्रोसेसर लागत नाही.

शेजारचे काका चिंचवडच्या एका कंपनीत टूलरूमला होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्यांच्यासमोर विषय निघाला. त्यांनी लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवून तळाचे स्क्रू मोजले.

"उघडलास का कधी?"

"नाही हो काका, उघडायचा नसतो तो."

"कोण म्हणतं?" मग थोडं थांबून, "मशीन म्हातारं होत नाही गं. त्याचे स्पेअर मिळेनासे होतात, तेव्हा ते म्हातारं होतं."

मला माझंच हसू आलं. दिवसभर मी काय लिहिते? दर दोन हजार तासांनी ग्रीस भरा. पट्ट्याचा ताण तपासा. गाळणी काढून हवेने साफ करा. शंभर-शंभर पानं निगराणीची. आणि माझ्या पोटापाण्याच्या यंत्राबरोबर आलेल्या चोपडीत एकच सूचना होती, उघडू नका.

हा पायंडा कधी पडला तेही बघितलं. जानेवारी २००८मध्ये स्टीव्ह जॉब्सने व्यासपीठावर एका खाकी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. एक किलो तीनशेसाठ ग्रॅम. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या पाकिटाला. पण पाकिटात मावण्यासाठी मेमरी बोर्डालाच डाग देऊन जोडली होती आणि बॅटरी झाकणाआड गेली होती. हलकेपणा हवा असेल तर झाकण उघडायचा हट्ट सोडा, असा तो सौदा. पुढे सगळ्याच सडपातळ लॅपटॉपांनी तो कमीअधिक मान्य केला, आणि दिवाळीच्या गडबडीत मीही, न वाचता.

शेवटी स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. सहा बाय आठचा गाळा, काउंटरवर चुंबकाचा चौकोन. पंचविशीतल्या त्या मुलाने दहा स्क्रू काढून ज्या जागेचे तसे त्या चौकोनावर मांडले, जणू लॅपटॉपचा नकाशाच. मग गिटार वाजवायच्या पट्टीसारखं काहीतरी फटीत घालून कडेकडेने फिरवलं. कट्, कट्, कट्. झाकण निघालं.

पंख्याच्या जाळीवर करड्या लोकरीसारखा थर होता. तळेगाव–चाकण रस्त्यावर कारखान्यांच्या फेऱ्या मारल्या होत्या, त्याची वसुली. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून पापुद्रा झाली होती. आणि खालच्या निम्म्या भागात बॅटरीचे तीन काळे चपटे कप्पे. त्यातला मधला टम्म फुगलेला, तव्यावरच्या फुलक्यासारखा.

"ताई, म्हणून टचपॅड वर आलंय. खालून ढकलतेय ही. बरं झालं आणलात. दाबायची नाही, टोचायची नाही, पेट घेते."

म्हणजे बाण भलतीकडे पळत होता तो टचपॅडचा दोष नव्हताच. त्या दुखण्यावर मी माउसचं औषध घेत होते, चार वर्षं.

त्याने बॅटरी हलक्या हाताने सोडवली आणि काउंटरखाली ठेवलेल्या वाळूच्या डब्यात निजवली. वाळू कशाला, तर पेटलीच तर पसरू नये म्हणून.

वाळू बघून मला उगाच तळेगावचा इतिहास आठवला. अंताजीपंत काळ्यांनी माणशी एकेक पैसा मागत हिंडून फंड उभा केला, टिळकांनी पाठीवर हात ठेवला, आणि १९०८ साली इथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. काच म्हणजे वितळवलेली वाळू. चिपसाठी लागणारा सिलिकॉनही मुळात वाळूतलाच. चिपचा कारखानाही इथेच येणार म्हणून जमिनींचे भाव वाढले होते. सप्टेंबर २०२२मध्ये वेदांता-फॉक्सकॉन गुजरातेत गेले, जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतलं, आणि त्या भागीदारीतून एकही चिप निघाली नाही. कोट्यवधींच्या घोषणेपेक्षा एकेक पैसा चिवट निघाला. (हे मी काकांना ऐकवलं, तर ते म्हणाले, "इथल्याच जनरल मोटर्सचं बघ की. २०२०ला उत्पादन थांबलं, सगळे म्हणाले भंगार. ह्युंदाईने तोच कारखाना घेतला, पाडला नाही." काकांचं सगळं शेवटी स्पेअरपाशी येतं.)

"मेमरी वाढवता येईल का?" मी विचारलं.

त्याने बोर्डावरचे चार काळे चौकोन दाखवले. "डाग दिलाय. आठची सोळा नाही होणार. हार्डडिस्क मात्र बदलते, ही बघा, एकच स्क्रू."

एका स्क्रूने बदलतं ते आणि डाग दिलेलं ते, अशी त्याने दोन वाक्यांत माझ्या लॅपटॉपची कुंडली मांडली. बॅटरी बदलण्यातली. पंखा, पेस्ट साफ होण्यातले. पोर्टही छोट्या वेगळ्या पट्टीवरचं, तीनशे रुपयांत निघालं. उरला प्रोसेसर. तो सातव्या पिढीचा, आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. एका पिढीने हुकला. विंडोज १०ची नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सवलत. मी नाव नोंदवलंय. त्यानंतर लिनक्स टाकून देतो, फुकट असतं, असं तो मुलगा म्हणाला. माझे शब्दकोश त्यावर चालतील का, ते बघायला दिवाळीआधीचे चार-दोन रविवार पुरतील. नाही चालले तर साठ हजारांचं बघू. पण मग ते प्रोसेसरसाठी असतील, फुगलेल्या बॅटरीसाठी नव्हे. एवढा फरक कळायला मला चार हजार आठशे रुपये आणि दीड तास लागला.

गुरुवारी शिवाजीनगरहून पाच पंचवीसच्या सुमाराची लोकल मिळाली. चिंचवडला गर्दी अंगावर आली. अर्ध्या मांडीवर लॅपटॉप, समोर एका दाबयंत्राची पुस्तिका, पान एकोणपन्नास, 'आपत्कालीन थांबा'. शेजारची मुलगी डोकावून वाचत होती. बेगडेवाडी गेली, घोरावाडी गेली. तळेगावला झाकण मिटलं तेव्हा बॅटरी एकसष्ट टक्के होती आणि चार्जर घरी, कपाटातल्या वायरींच्या पिशवीत.

घरी येऊन हात धुतले नि आधी वजनकाटा काढला. एक किलो एकशेबावीस. नवी बॅटरी बारा ग्रॅमने जड निघाली.